वास आदल्या दिवशीचा

छातीचा फोटो फारसा वाईट नाही, थुंकीत काही सापडत नाही, हृदय ठीक आहे, आणि तरी एक जिना चढताना श्वास पुरत नाही, अशी माणसं मी आता लांबून ओळखतो. दवाखान्याच्या बाकावर ती जरा पुढे वाकून बसतात आणि शेजारच्याशी बोलत नाहीत. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर बरं, म्हणून लिहितो आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती ज्याची त्याला डॉक्टर देतात. मी आजारी पडलो तो धुराने. आजार लांबला तो माझ्या खोटेपणाने. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण पहिलीवर इलाज डॉक्टरांकडे होता.

मी प्रवासी विमानावर फ्लाइट इंजिनिअर होतो. त्या काळच्या मोठ्या विमानांत दोन वैमानिकांच्या मागे, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून तिसरी खुर्ची असायची. समोर सगळी भिंत डायल, दिवे आणि बटणांनी भरलेली. ती माझी जागा. विमानाची वीज, हवा, इंधन मी बघायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिसरी खुर्ची नसलेली नवी विमानं येऊ लागली होती आणि आम्ही सगळे जरा घाबरून होतो. नोकरी मुंबईची, पण घर सिल्वासाला. माझी बायको सुनंदा मूळची चिपळूणची, सिल्वासाच्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. तिला क्वार्टर मिळाली होती. सुट्टी मिळाली की मी रेल्वेने वापीला उतरून घरी जायचो.

आमच्या कंपनीत माझ्या नाकाची ख्याती होती. इंजिनचं तेल, ब्रेकचा धूर, स्वयंपाकाच्या ओव्हनमधलं करपलेली पोळी, मी नुसत्या वासावरून सांगायचो. याचा मला अभिमान होता. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचाही वाटा आहे.

*

ती मुंबई-कलकत्ता फेरी होती. एका दिवशी जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या सकाळी परत. जाताना, कलकत्त्याला उतरायच्या थोडं आधी, माझ्या पॅनेलवरचा एक ब्रेकर टक् करून बाहेर आला. ब्रेकर म्हणजे वीज प्रमाणाबाहेर वाहिली की आपोआप बाहेर येऊन ती तोडणारं बटण; हा पॅनेलमागची यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्याचा होता. सोबत दोनेक मिनिटं वास आला, विजेची मोटार जळताना वार्निशचा येतो तसा. पुढचे दोघे उतरण्याच्या कामात होते, त्यांना कळलं नाही. मी थोडं थांबून ब्रेकर परत आत दाबला. तो बसला. वास गेला.

हे नोंदवहीत लिहायला हवं होतं. पण आमच्यात एक रीत होती: बारीक दोष बाहेरगावी लिहायचा नाही, मुंबईला परतल्यावर लिहायचा. बाहेरगावी सुटा भाग मिळत नाही. लिहिलं की विमान अडकतं, प्रवासी अडकतात आणि सगळे लिहिणाऱ्याकडे बघतात. ही रीत सगळेच पाळत होते. मीही वर्षानुवर्षं पाळली होती. कलकत्त्याच्या देखभालीच्या माणसाने विचारलं तेव्हा मी सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी उड्डाणानंतर तासाभराने तोच वास आला. या वेळी तो गेला नाही. माझ्या पॅनेलच्या कडेने निळसर, पातळ धूर दिसला. कॅप्टन दस्तूर म्हणजे चोपन्न वर्षांचे पारशी गृहस्थ, आवाज कधी चढत नसे. त्यांनी मागे न बघता मास्क लावायला सांगितलं. तिघांनी ऑक्सिजनचे मास्क आणि चष्मे चढवले. नियम सोपा आहे: आधी मास्क, मग शोध, आणि मास्क काढायचा नाही. कॅप्टननी विमान नागपूरकडे वळवलं आणि मास्कच्या माइकमधून विचारलं, "अशोक, काल काही होतं?"

मी म्हणालो, "नाही सर."

मग मी मास्क बाजूला सारून वास घेऊ लागलो. हा दिवा, तो स्विच, को-पायलटच्या खुर्चीमागची पेटी. एकेक वीजवाहिनी बंद करत, नाक लावत फिरलो. कॅप्टनच्या डोक्यावरच्या पॅनेलपर्यंत माझं नाक पोचत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, सर, तिथे वास येतो का बघा. त्यांनीही मास्क खाली ओढून बघितलं. काही येत नाही म्हणाले. मी परत एकदा बघायला सांगितलं. सगळ्यात शेवटी मी पंख्याचा ब्रेकर ओढला आणि धूर हळूहळू थांबला.

नागपूरला आम्ही नीट उतरलो. पंखा अडकून त्याची वायर वितळली होती. प्रवाशांना कशाचा पत्ता नव्हता, त्यांना फक्त उशीर झाला. कॅप्टननी अहवालात लिहिलं की आधी कोणतीही सूचना मिळाली नव्हती आणि फ्लाइट इंजिनिअरने दोष अचूक शोधला. लोकांनी माझी पाठ थोपटली. एकाने तर माझ्या नाकाचा विमा काढायला सांगितला.

*

पंधरा दिवसांनी खोकला सुरू झाला. बोलताना वाक्य अर्धवट राहू लागलं. आमची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी असायची. त्यात छाती नापास झाली की परवाना जातो आणि मग कुणीतरी विचारतं, हे कशाने झालं, आणि मग तो दिवस निघतो, आणि त्याच्या मागोमाग आदला दिवस. मी कंपनीला कावीळ झाल्याचं कळवलं आणि सिल्वासाला येऊन राहिलो.

त्या महिन्यांबद्दल लिहायला लाज वाटते. मला प्रत्येक वासाचा संशय येऊ लागला. दुपारी नरोलीच्या कारखान्यांकडून वारा आला की प्लास्टिक वितळल्याचा वास येतो, तो सगळ्या गावाला येतो. पण मला वाटायचं तो आपल्या भिंतीतून येतोय. मी खुर्चीवर चढून प्लगजवळ नाक न्यायचो. सुनंदा शाळेतून यायची तर घराचा मेन स्विच बंद, आणि मी गुडघ्यांवर बसून फ्रिजच्या मागे.

"घरात तुम्ही नवरा कमी आणि वायरमन जास्त झालात," ती एकदा म्हणाली. तेव्हा ती हसत होती. पुढे तिचं हसणं बंद झालं.

वासांवरून संशय माणसांवर आला. नव्या विमानांत तिसरी खुर्ची नाही, म्हणजे कंपनीला आम्ही नकोच आहोत, म्हणजे कंपनी कुणालातरी पाठवून माझी चौकशी करणार. गल्लीत अनोळखी स्कूटर उभी राहिली की मी खिडकीच्या बाजूला सरकायचो. ती स्कूटर समोरच्या तलाठ्याच्या मेव्हण्याची होती, पण ते कळायला मला आठ दिवस लागले आणि कळल्यावर मेव्हण्याचा संशय येऊ लागला. सुनंदा पोस्टात गेली की ती कुणाला लिहिते आहे, असं मनात यायचं. मी तिला विचारायचो नाही. तिची पर्स बघायचो.

एक दिवस तिने फोडणी दिली आणि माझा श्वास अडकला. ओठ निळे पडले म्हणतात. तिने शेजाऱ्यांची जीप बोलावून मला सरकारी दवाखान्यात नेलं.

*

तिथले डॉक्टर वलसाडकडचे, शांत, मराठी समजून घेऊन हळू बोलणारे. दोन दिवसांनी मला बोलता येऊ लागलं तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. विमानातल्या धुराचं सुनंदाने त्यांना सांगितलं होतं; धुरात किती वेळ होतात, मास्क होता का, त्याआधी कधी असा वास आला होता का, त्यांनी विचारलं. सुनंदा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

मी सांगितलं की मास्क लगेच लावला होता. धूर मिनिटभर होता. आधी कधीच नाही.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि बराच वेळ त्याकडे बघितलं. मग म्हणाले की एवढ्याने असं व्हायला नको, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं. थुंकीत काही नव्हतं, पण फोटोत वरच्या बाजूला एक अस्पष्ट सावली होती. आजूबाजूला क्षयाचे रोगी पुष्कळ. ते नीट समजावून म्हणाले की खात्री नाही, पण तुमच्या सांगण्यावरून दुसरं काही बसत नाही, तेव्हा क्षयाची औषधं सुरू करू.

ज्याला निदानाचा दिवस म्हणतात तो माझा हा. बाकीच्यांना त्या दिवशी वाईट बातमी मिळते. मला चुकीची मिळाली, आणि ती चुकीची आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. क्षय कुणालाही होतो. त्यात कुणी नोंदवही मागत नाही.

गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली, सांधे दुखू लागले, जेवणावरची वासना गेली. सुनंदाने माझं ताट-वाटी वेगळं केलं आणि रोज उकळत्या पाण्यात घातलं. शाळेत कळलं तेव्हा दोन शिक्षिकांनी तिच्यासोबत डबा खाणं सोडलं. तिने मला हे सांगितलं नाही. मला ते फार नंतर समजलं. दोन महिने ती एकटी जेवली, माझ्या नसलेल्या रोगापायी. खोकला तसाच होता.

*

दुसऱ्यांदा दवाखान्यात दाखल झालो तेव्हा शेजारच्या खाटेवर भिला पाटील होता. शिरपूरकडचा, खडोलीच्या कारखान्यात वायरवर प्लास्टिक चढवायच्या मशीनवर कामाला, नरोलीत सहा जणांसोबत खोली घेऊन राहणारा. खोकला माझ्यासारखाच. पहिल्या दिवशी मला त्याचाही संशय आला. माझ्याच खोकल्याचा माणूस माझ्याच शेजारी का ठेवला?

डॉक्टर त्याच्याकडे आले आणि तेच प्रश्न विचारले. भिलाने न अडखळता सगळं सांगून टाकलं. शेठने मास्क दिला आहे, तो खुंटीला टांगलेला असतो. मशीन तापली की आधी वास सुटतो, तेव्हा हा वाकून कुठून येतो ते हुंगतो. तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि त्याला औषध दिलं, ते माझ्यापेक्षा वेगळं होतं. आठवड्याभरात तो व्हरांड्यात फेऱ्या मारू लागला.

एका दुपारी मी त्याला विचारलं की डॉक्टरांना हे सगळं सांगताना भीती नाही वाटली का, शेठला कळलं तर?

"भीती कशाची, भाऊ?" तो म्हणाला. "मास्क लावला का नाकाला काय समजणार? सगळेच हुंगतात. चूक केली ती केली, आता छातीला काय खोटं सांगू? छाती थोडीच शेठची आहे." मग त्याने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "तुम्ही काय हुंगलं होतं?"

मी पाठ फिरवून झोपेचं सोंग घेतलं. त्याने मागून एवढंच म्हटलं की साहेब लोकांचं नाक मोठं नाजूक राहतं.

त्याच संध्याकाळी सुनंदा पर्स खाटेवर ठेवून नळावर गेली, आणि मी तिची पर्स उघडली. आत कॅप्टन दस्तूरांचं पत्र होतं. वाचलं नाही, पाकिटावरचं अक्षर ओळखलं. ती परत आली तेव्हा मी पाकीट हातात धरून बसलो होतो. मी तिला नाही नाही ते बोललो. तू कंपनीला माझ्या आजाराची खबर देतेस, म्हणालो. तिने पर्स माझ्या हातातून घेतली.

"तुम्ही काही सांगत नाही," ती म्हणाली. "त्या विमानात काय झालं ते कुणाला तरी विचारायला नको का? उद्या ते येतायत. त्यांना तरी तोंड उघडून सांगा."

*

कॅप्टन दुपारी आले, स्वतःची फियाट चालवत. हातात खारी बिस्किटांचा पुडा. चार-पाच महिन्यांत ते बरेच वाळले होते. खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि आधी खोकले. तो खोकला ऐकून भिलाने मान वर केली. मीही ओळखला.

त्यांनी सुरुवातीला इकडचं तिकडचं विचारलं. मी त्यांच्या खिशाकडे बघत होतो, वही किंवा टेप आहे का म्हणून. बिस्किट पुढे केलं तर मी नको म्हटलं. सुनंदाने एक खाल्लं, मग मी घेतलं. इतका मी खालच्या थराला गेलो होतो.

मग ते म्हणाले की मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं आहे, हे सगळं सिगारेटचं आहे. तीस वर्षं ओढली. आता सोडली, पण खोकला जात नाही. पुढच्या महिन्यात त्यांना मेडिकल बोर्डापुढे जायचं होतं. तिथे जाण्याआधीच आपण राजीनामा द्यावा, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

"अने बीजी वात, दुसरी गोष्ट," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणला. "अशोक, त्या दिवशी तू मला डोक्यावर वास घ्यायला सांगितला. दोन वेळा. मला काही आलाच नाही. तुला येत होता, मला नाही. मला वाटतं, डिकरा, माझं नाक गेलं. डोळे ठीक, नाक गेलं. असा माणूस विमानात बसावा का? तू मला खरं सांग. तिथे वास होता ना?"

ते माझ्यावर आरोप करायला आले असते तर मी खोटं बोललो असतो. तयारी पक्की होती. पण ते स्वतःवरच संशय घेऊन आले होते, तीन तास गाडी चालवून, आणि त्या संशयाचं उत्तर जगात एकाच माणसाकडे होतं.

मी म्हणालो, "तिथे वास नव्हता, सर."

मग मी आदला दिवस सांगितला. ब्रेकर, वार्निश, कलकत्ता. आणि जे मी तोपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं तेही तोंडातून गेलं. वास आला त्या क्षणी मला माहीत होतं की तो पंखा आहे. मी शोधत नव्हतोच. तो पंखा नसावा, दुसरं काहीतरी असावं, काहीही, म्हणून मी सगळीकडे नाक लावत फिरत होतो. तुमच्या डोक्यावर सापडलं असतं तर मी सुटलो असतो. म्हणून तुम्हाला दोनदा मास्क काढायला लावला. धूर चालू होता, मागे माणसं बसली होती, आणि मी माझी चूक दुसऱ्या कुठल्या वायरवर टाकता येते का ते बघत होतो.

सुनंदा उभी होती ती खाली बसली. भिला खिडकीबाहेर बघू लागला.

कॅप्टन म्हणाले, "मी लिहिलं की तू अचूक शोधला." आणि थोड्या वेळाने, "मी विचारलं होतं तुला."

"हो सर. विचारलं होतं."

ते उठले. मला वाटलं निघाले. पण ते डॉक्टरांना सगळं सांगून घेऊन आले. डॉक्टरांनी माझा कागद काढला, जुन्या ओळी खोडल्या आणि पेन हातात धरून कॅप्टनना विचारलं की तुमचा मास्क किती वेळ खाली होता. कॅप्टननी माझ्याकडे न बघता हात माझ्या दिशेने केला.

"याला विचारा. घड्याळ याच्या समोर होतं."

मी सांगितलं: कॅप्टनचा दोनदा मिळून चार मिनिटं. माझा अकरा मिनिटं, आणि आदल्या दिवशी अंदाजे दोन, तेव्हा मास्क नव्हताच. डॉक्टरांनी ते आकडे लिहून खाली रेघ मारली. मग क्षयाच्या गोळ्या थांबवल्या. कॅप्टनसाठी त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांच्या नावे दोन पानी चिठ्ठी लिहिली. मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं.

*

नवीन औषधांनी मला पहिल्या पंधरा दिवसांत फरक पडला. पूर्ण बरा झालो नाही. सिल्वासापासून खेरडीपर्यंत सायकल चालवतो, चढ आला की सायकलवरून उतरतो, खिशात श्वासाच्या औषधाचा पंप असतो. फोडणीच्या वेळी अंगणात जातो. वासाचा संशय अजून येतो, पण आता तो आला की सुनंदाला विचारतो, तुला येतोय का. ती नाही म्हणाली तर मी मेन स्विचला हात लावत नाही. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हा माझा रोजचा व्यायाम आहे, श्वासाच्या व्यायामापेक्षा कठीण.

कंपनीला मी सगळं लिहून पाठवलं. परवाना गेला. तो छातीमुळे गेला की पत्रामुळे, हे त्यांनी कळवलं नाही, मी विचारलं नाही. आता इथल्या एका कारखान्यात विजेच्या जोडण्या तपासतो. कामगारांना मास्क लावायला सांगतो तेव्हा माझा आवाज जरा जास्तच चढतो.

तुम्ही आजारी असाल तर एवढंच करा. डॉक्टर विचारतात कधीपासून, तेव्हा खरोखर जेव्हापासून आहे तो दिवस सांगा. त्या दिवशी तुम्ही काय करत होतात ते सांगायला लाज वाटत असेल, तर बहुतेक तोच दिवस आहे. आणि तुमच्यासोबत त्या खोलीत, त्या धुरात आणखी कुणी होतं का, ते आठवा. तो माणूसही कुठेतरी खोकत असेल आणि स्वतःला दोष देत असेल.

कॅप्टन दस्तूरांनी राजीनामा दिला नाही. उपचार घेतले, बोर्डाने त्यांना पास केलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते उडत राहिले. हे मला त्यांच्या पत्नीने सुनंदाला लिहिलेल्या पत्रांतून कळलं. त्यांनी स्वतः मला कधी लिहिलं नाही. सुनंदा अधूनमधून म्हणते, इतकी वर्षं झाली, त्यांनी केव्हाच माफ केलं असेल, तुम्ही उगाच संशय घेता.

सगळ्या जगावर संशय घेऊन झाला, पण या एका बाबतीत मला संशय नाही. त्यांनी माफ केलेलं नाही, करूही नये. शेवटच्या पत्रात त्यांच्या पत्नीने लिहिलं होतं की ते रोज सकाळी तीन जिने न थांबता चढतात. ते वाक्य मी सुनंदाला दोनदा वाचायला लावलं.